वळणावरचं पाणी

माणसांच्या मोजणीतून पाथरवटाच्या बायकोला काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. मुलगा, आणि तोही चार-दोन दिवसांपुरता. बस्स. गावाची गाडी टिकणार होती, शाळेची खोली उघडी राहणार होती, पुढाऱ्याचं पुढारपण शाबूत राहणार होतं. पण गाडीत ती जन्मात तीनदा बसली होती आणि तिन्ही वेळा तिला उलटी झाली होती, आणि पुढाऱ्याबद्दल तिचं मत पुढाऱ्याच्या बायकोच्या मताहून वेगळं नव्हतं. तिला मुलगा हवा होता. लग्न करून, बायको आईच्या हाताखाली ठेवून तो शहरात गेला, त्याला तिसरं वर्ष चालू होतं. बाप डोंगरातला दगड फोडायचा; मुलगा शहरात कारखान्यातली फरशी चिकटवायचा.

गाव म्हणजे उतारावर एकीच्या डोक्यावर एक अशा तीन आळ्या. वरच्या आळीतून मधल्या आळीच्या ताटात काय वाढलंय ते दिसायचं, म्हणून मधल्या आळीत कोणी अंगणात जेवत नसे. सगळ्यांच्या वर झरा, सगळ्यांच्या खाली वळण. वळणापर्यंत गाडी यायची, दगडी बांधाला टेकून तोंड फिरवायची आणि निघून जायची. वर पाणी, खाली वाट. माणसानं जन्मभर या दोघांच्या मध्ये चढायचं-उतरायचं. आणि एकदा का तो पेटी घेऊन खालच्या टोकाला पोचला, की बहुधा चढायचा राहून जायचा.

म्हणून तर गावात माणसं किती असं परक्यानं विचारलं, की गावकरी आधी त्यालाच विचारत, "कुलपं धरून की सोडून?"

कुलपं धरून गाव भरलेलं होतं. सोडून, दीडशेसुद्धा होत नव्हतं.

पुढारी ती बातमी घेऊन टाक्यावर आला तेव्हा सकाळच्या पाळीची भांडी लागली होती. झऱ्याखालचं टाकं पाथरवटाच्या बापानं एका अखंड खडकात कोरलेलं. ऐन उन्हाळ्यात झऱ्याची धार करंगळीएवढी व्हायची. रात्रभर टाकं भरायचं, सकाळी घरटी दोन हंडे काढायचे, की तळ दिसायचा. आपला हंडा भरताना दुसरीच्या हंड्याकडे बघायचं नाही, असा बायकांचा नियम होता, आणि तो कोणीही पाळत नसे.

"दोनशे," पुढारी धापा टाकत म्हणाला. "दोनशेच्या खाली भरलो तर आपलं गाव खालच्या मोठ्या गावात घालणार. गाडी तिथेच थांबणार. शाळा तिथे, नर्सबाई तिथे. मोजणीच्या दिवशी जो इथे हजर, तोच धरणार."

"आणि तुम्ही?" एकीनं विचारलं.

"मी काय?"

"तुम्हीपण खालीच का? तिथे आधीच एक पुढारी आहे म्हणे."

बायका हसल्या. पुढाऱ्यानं ते हसणं गावाच्या हितासाठी गिळलं. "बाहेरच्या सगळ्यांना बोलवा. लेकी, सुना, जावई, कोणी असेल ते. रोज म्हणता ना, पोरं येत नाहीत, पोरं येत नाहीत? आता निमित्त आहे."

पाथरवटाची बायको हंडा तसाच सोडून निघाली. मागून सुनेनं हाक मारली, "आत्याबाई, पाळी आपलीये!"

"तू भर!"

फोन गावात एकाच जागी लागायचा, जुन्या खाणीतल्या धोंड्यावर उभं राहिलं तर. त्या दिवशी धोंड्याखाली रांग लागली. वर चढलेला माणूस शहर जवळच आहे आणि फक्त वारा आडवा आलाय अशा आवाजात ओरडायचा, त्यामुळे प्रत्येकाची घरगुती भानगड रांगेला फुकटात कळत होती. "अरे, बायको नाही म्हणत असेल तर तिला ठेव तिथेच, तू ये! तू एक तर एक!" असं कोणीतरी ओरडलं, आणि मग ती बायको फोनवर होती असं निघालं.

पाथरवटाच्या बायकोनं तिघांना पुढे जाऊ दिलं. मग चढली. ओरडली मात्र नाही.

"मी बोलतेय."

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मोजणी आहे."

"कसली?"

"माणसांची. यायला लागतंय. सरकारी आहे," ती म्हणाली. मुलाला आईसाठी रजा मिळत नाही, हे तिला तीन वर्षांत कळून चुकलं होतं. सरकारसाठी मिळत असेल.

मिळाली.

गाडी भरून आली, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून आली. डोक्यावर पेट्या, काखेत पोरं, गाद्यांच्या वळकट्या. कुलपं तेल घालून उघडली; दोन फोडावी लागली, कारण किल्ल्या वारलेल्या माणसांबरोबर गेल्या होत्या. वर्षानुवर्षं बंद असलेल्या घरांच्या चुली पेटल्या आणि गावावर एवढा धूर चढला की पुढाऱ्याचे डोळे पाणावले. त्यानं ते धुरावर ढकललं.

मुलगा घरात शिरताना उंबऱ्यावर थांबला. उंबरा बापानं घडवलेला, मधोमध पावलांनी झिजलेला. आईनं त्याचा चेहरा बघितला, मग तो जेवायला मांडी घालताना कण्हला तेव्हा गुडघे बघितले. गुडघ्यांवर काळे, जाड घट्टे पडले होते, बैलाच्या खांद्याला पडतात तसे.

"हे काय?"

"फरशी गुडघ्यावर बसूनच बसवतात, आई."

"मग तुझ्या बापाचे का नाहीत?"

"बाबा उभ्यानं दगड फोडतात," तो हसला. "माझ्यापेक्षा मानाचं काम."

बापानं आपला उजवा हात मांडीखाली घेतला. वर्षभरापासून तो हात थरथरायचा आणि घरात ते सगळ्यांना माहीत होतं, मुलगा सोडून.

सुनेचं सांगायचं तर, तिलाही मोजणीतून काही मिळवायचं होतं. तिनं ते कोणाला बोलून दाखवलं नाही. नवऱ्याचे कपडे वाळत घालताना तिनं त्याची पिशवी तळापर्यंत रिकामी केली, मग तिच्यात काय काय मावेल ते बघितलं, आणि पुन्हा खुंटीला लावली.

पण पाणी. करंगळीएवढ्या धारेला माणसं आली म्हणून काही माया फुटत नाही. पाळी दोन हंड्यांवरून एकावर आली, एकावरून अर्ध्यावर. शहरातल्या नाती सकाळी आंघोळ करायच्या आणि घाम आला म्हणून संध्याकाळी पुन्हा विचारायच्या. ज्या आज्या वर्षभर "लेकरं कधी येतील" म्हणत दारात बसायच्या, त्या आता हंड्यावर ताट झाकून बसल्या. मधल्या आळीतल्या एकीनं सख्ख्या जावयाला तोंड धुताना टोकलं, "दोन चुळा पुरेत." जावई त्या दिवशी ताटावर बसला नाही. मोजणी अजून तीन दिवसांवर होती आणि दोन कुटुंबं परतीची गाडी विचारू लागली होती.

पाथरवटाच्या घरात अर्धा हंडा यायचा. सून स्वतः न पिता नवऱ्यासमोर तांब्या ठेवायची, सासू स्वतः न पिता मुलासमोर ठेवायची, आणि तो बिचारा दोन तांबे प्यायचा.

एका दुपारी तो ओसरीवर आडवा पडून सहज म्हणाला, "पाणी असतं ना घरात, तर माणूस कशाला गेला असता, आई. इथेही कामं निघाली असती. दुरुस्त्या, ओटे. माझे गुडघे तिथे फार दिवस चालायचे नाहीत."

तो बोलला आणि कुशीवर वळून झोपला. दुपारच्या झोपेआधी माणूस असं बरंच काही बोलतो. पण त्याच्या आईनं ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं बांधून घेतलं, आणि नवरा खाणीत हत्यारांना धार लावत होता तिथे गेली.

"अहो, झऱ्याचं तोंड मोठं करा."

"वेड लागलंय?"

"आत पाणी आहे. तुम्हीच म्हणता, खडकाच्या पोटात ऐकू येतं."

"बाबा म्हणायचे, बाकी डोंगर फोड, तोंडाला छिन्नी लावू नको."

"बाबा म्हणायचे! त्यांचा मुलगा त्यांच्याजवळ होता. त्यांना काय जातंय म्हणायला?" ती खाली बसली. "तो म्हणाला, पाणी असेल तर राहतो."

"असं म्हणाला?"

"म्हणाला."

म्हणाला होता, पण असं नाही. तो हिशोब तिला त्या क्षणी जुळवायचा नव्हता. नवरा धार बघत राहिला. मग तिनं जे बोलू नये ते ती बोलली: "का, हात चालत नाही म्हणून?"

पाथरवट उठला.

दगड वाजवून बघायची त्याची रीत होती. हातोडीनं टिचकी मारायची आणि कान लावायचा. जिवंत खडक ठण्ण वाजतो, फुटका बद वाजतो. झऱ्याच्या तोंडाजवळ त्यानं कान लावला. वर ठण्ण. बाजूला ठण्ण. खालच्या अंगाला, जिथून धार येत होती त्याच्या वीतभर खाली, बद. सगळं गाव मागे दाटून उभं.

"पोकळ आहे," तो म्हणाला. "साठा असणार."

पोकळ होतंच. त्याच्या कानानं आयुष्यात चूक केली नव्हती आणि तेव्हाही केली नाही.

छिन्नी धरायला कोणीतरी हवं होतं. मुलानं बाह्या वर केल्या. "द्या, बाबा. लहानपणी धरायचो."

"हात कापतो माझा," बाप हळूच म्हणाला. मुलाला ते पहिल्यांदा कळलं. घण चुकला तर मनगट जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मारा," मुलगा म्हणाला, आणि छिन्नी हलवली नाही.

ते दोन दिवस पाथरवटाच्या बायकोच्या आयुष्यात पुन्हा कधी आले नाहीत. बाप घण उचलायचा, मुलगा छिन्नी फिरवायचा; घण, फिरव; घण, फिरव; दोघांच्या पाठीवर दगडाची पांढरी पूड बसून घामानं तिचा चिखल व्हायचा. घण एकदाही छिन्नीवरून घसरला नाही. ती भाकरी घेऊन जायची आणि ते जेवत असताना उगाच बसून राहायची. सून भांडं घेऊन आली की म्हणायची, "बघ, कसे एकासारखा एक दिसतात." सून बघायची. तिला नवऱ्याचे गुडघे दिसायचे, दगडावर टेकलेले.

मोजणीच्या आदल्या दुपारी पाथरवटानं लोखंडी पाचर ठोकली आणि खडक आतून करकरला. मग दंडाएवढी धार उसळून मुलाच्या छातीवर आदळली. टाकं बघता बघता भरलं, काठावरून सांडलं, पाणी वरच्या आळीतून मधल्या आळीत आणि तिथून खालच्या आळीत पायऱ्या उतरावं तसं उतरलं. माणसं वाटेतच आंघोळीला बसली. जावयानं चुळांवर चुळा भरल्या, आणि एकेक चूळ सासूच्या दारासमोर थुंकली. पुढाऱ्यानं पाथरवटाला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, दोघंही पडले.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाली बाई गाडीनं आली. चपलेचा अंगठा तुटलेला, हातात पिशवी, एवढा चढ कोणी सांगितला नव्हता अशा चेहऱ्याची. वरच्या आळीत पोचल्यावर आधी तिनं वाहत्या पाण्यात पाय धरले.

"भाग्यवान आहात," ती म्हणाली. "वाटेतल्या सगळ्या गावांत पाण्याची बोंब आहे. घरात किती माणसं?"

"चार," पाथरवटाची बायको म्हणाली. हा आकडा उच्चारायला तिला तोंडभर जागा लागली.

"चारही इथलेच? की मोजणीपुरते?" बाईनं मुलाच्या शहरी सदऱ्याकडे बघितलं. तीनही आळ्यांत तिला हाच प्रकार दिसला असणार. "मी पोलीस नाही. पण विचारावं लागतं. राहता का इथे?"

सुनेनं नवऱ्याकडे बघितलं. आईनं बघायचं टाळलं.

"हो," मुलगा म्हणाला. "इथेच राहतो."

बाईनं लिहिलं आणि पुढच्या दाराला गेली.

संध्याकाळी पुढारी धोंड्यावर चढून ओरडला, "दोनशे सहा!" गावानं ओरडून घेतलं. पाथरवटाच्या बायकोला मात्र तिच्यापुरतं उत्तर सकाळीच मिळालं होतं. सरकारसमोर हो म्हणाला म्हणजे काही पोरखेळ नव्हता. तिनं माळ्यावरचा मोठा हंडा काढून घासला. मुलगाही चार दिवस जास्त राहिला. टाक्याजवळ ओटा बांधायला किती दगड लागेल याबद्दल बापाशी बोलला. त्याच्या मनात काय होतं कोण जाणे. कदाचित खरंच राहायचं होतं. माणसाला दोन्हीकडे राहायचं असतं, पण त्याला अंग एकच मिळतं.

धार दंडाची मनगटाएवढी झाली. सगळे म्हणाले, बसली आता ठिकाणावर. मग अंगठ्याएवढी झाली. तेव्हा ताटं पुन्हा हंड्यांवर आली. एका सकाळी सून हंडा घेऊन गेली, तर टाक्यात फक्त ओलं शेवाळ होतं आणि खडकाच्या फटीतून वाऱ्यासारखा आवाज येत होता.

पाथरवटाला बोलावलं. तो गुडघ्यावर बसला आणि फटीला कान लावला. बराच वेळ लावून बसला.

"आहे का?" पुढाऱ्यानं विचारलं.

"आहे."

"कुठे?"

"जातंय," पाथरवट म्हणाला. "खाली."

ती पोकळी म्हणजे साठा नव्हता. ती वाट होती. इतकी वर्षं तिच्या तोंडाशी वीतभर खडक बूच होऊन बसला होता, आणि पाण्याला वर येण्याखेरीज इलाज नव्हता; बूच निघालं तेव्हा तुंबलेलं पाणी आधी बाहेर उसळलं, मग त्याला खालची वाट सापडली. पाथरवटाच्या बापानं छिन्नी लावू नको म्हटलं होतं; का, ते सांगायचं राहिलं होतं. दुपारी गाडीचा ड्रायव्हर वर ओरडून गेला, की वळणावरच्या दगडी बांधातून पाणी फुटलंय, चांगली जोरदार धार आहे, कोणाचा नळ फुटला का बघा.

गाव रागावलं नाही. रागावलं असतं तर बरं झालं असतं. आलेले लोक आधी गेले, मग राहिलेल्यांतले काही त्यांच्या मागोमाग गेले, "उन्हाळ्यापुरते" म्हणत. तीन आळ्या उतरून पाणी भरायचं आणि चढून आणायचं, हे ज्यांच्या पायांना जमणारं नव्हतं त्यांना त्यांच्या मुलांनी नेलं. कुलपं पुन्हा लागली. तेल घातलेली असल्यामुळे चटकन लागली. पाथरवटाला कोणी शिवी दिली नाही. फक्त त्याचं नाव बदललं. "पाथरवट कुठे भेटेल?" असं विचारलं तर खालच्या आळीतली पोरं म्हणायची, "कोण, झरेफोड्या?" ते त्यानं ऐकलं. तोंड मोठं करा असं कोणी सांगितलं, हे त्यानं कधीच कोणाला सांगितलं नाही. बायकोनंही सांगितलं नाही. ती रोज सांगायचं ठरवायची.

मुलाची रजा संपून गेली होती. तो आईसमोर उभा राहिला आणि भिंतीचा पोपडा काढत राहिला.

"आई, हिला एवढ्या चढाचं पाणी… हिलाही नेतो म्हणतो."

सुनेची पिशवी भरलेली होती. कधी भरली, ते सासूनं विचारलं नाही.

वळणावर गाडी लागली होती. बाजूच्या बांधातून स्वच्छ, थंड धार पडत होती. ड्रायव्हर तिच्याखाली चाकं धूत होता. सुनेनं एक बाटली भरून घेतली. मग काखेतून चिंध्यांची चुंबळ काढली, हंड्याखाली डोक्यावर घ्यायची, तिच्या डोक्याच्या मापाची, आणि सासूच्या हातात दिली.

"आत्याबाई, तुम्ही आणि मामंजी पण चला ना."

"मला उलटी होते गाडीत."

"मी खिडकी देईन."

"जा तू. गुडघ्यांना त्याच्या रोज तेल लाव. सांगितल्याशिवाय लावून घ्यायचा नाही तो."

सून रडली. जे हवं होतं ते मिळाल्यावर रडायचं काय कारण, असं विचारायला कोणी नव्हतं. मुलगा गाडीच्या पायरीवरून म्हणाला, "येतो मी, आई." आणि तिनं "हो" म्हटलं, जसा तो मोजणीवाल्या बाईला हो म्हणाला होता तसंच.

मोजणी मात्र पक्की झाली. गाव राहिलं, नाव राहिलं, गाडी रोज वेळेवर यायची, बांधाला टेकून तोंड फिरवायची आणि बहुतेक वेळा रिकामी जायची. तिला रोज बघणारं एकच माणूस होतं, कारण तेव्हाच ते पाण्याला उतरलेलं असायचं.

"बसता का, आजी?" ड्रायव्हर विचारायचा.

"मी मोजलेली आहे," ती म्हणायची. "मी गेले तर एक कमी भरेल."

नवराबायकोला एक हंडा पुरत होता. ती दोन भरायची. एक डोक्यावर, सुनेच्या चुंबळीवर, एक कमरेवर. खालची आळी, मधली आळी, वरची आळी. प्रत्येक आळीत थांबून दम घ्यायचा, कोणाच्या तरी झिजलेल्या उंबऱ्यावर, कुलपाकडे पाठ करून. घरी एक हंडा उतरवायची आणि दुसरा घेऊन तशीच झऱ्यावर जायची, आणि कोरड्या टाक्यात ओतायची.

पाथरवटानं दोन-चार दिवस बघितलं. मग एकदा मागोमाग आला.

"अगं, काय करतेस? मुरतंय ते सगळं."

"त्याचं आहे."

"कोणाचं?"

"मुलाचं. तो इथे राहतो ना. लिहून घेतलंय." तिनं हंडा उपडा करून शेवटचा थेंबही झटकला. "मुरू दे. जाईल खाली वळणावर. उद्या परत आणते."

पाणी फटीतून गेलं. पाथरवटानं सवयीनं खडकाला कान लावला; त्यावर टेकल्यावर हाताची थरथर थोडी थांबली. ती त्याच्याशेजारी बसली.

"मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "झऱ्याचं."

"माहितीये मला," तो म्हणाला. "गप्प. ऐकू दे."

तर हिशोब असा. पुढाऱ्याला गाव मिळालं, ते उन्हाळा संपायच्या आत तोच सोडून मुलीकडे गेला. सुनेला नवरा मिळाला, मुलाला बायको मिळाली, गाडीच्या चाकांना पाणी मिळालं. सरकारला दोनशे सहा माणसं मिळाली. पाथरवटानं आपलं नाव दिलं. आणि त्या दोनशे सहांपैकी एकाचं पाणी त्याची आई रोज तीन आळ्या चढवून वर नेत होती, आणि डोंगर ते रोज उतरवून परत वळणावर, गाडी थांबते तिथे, आणून देत होता.